सानुग्रह नको, डिक्री हवी : फुकटच्या वॉर्डातल्या माणसाचा कायदा

'सानुग्रह अनुदान' हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचा अर्थच ऐकू येईनासा झालाय. अनुग्रह म्हणजे कृपा. सानुग्रह म्हणजे कृपा करून दिलेलं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. सरकारने प्रत्येक कुटुंबाला ५ लाख रुपये जाहीर केले. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २२ हून अधिक रुग्ण गेले. पुन्हा ५ लाख. पैसे मिळाले ते चांगलंच झालं, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने ते घ्यावेतच. पण कृपा करणारा माणूस कधी 'माझं चुकलं' असं म्हणत नसतो. तो आज देईल, उद्या देणार नाही. टीव्हीवर बातमी आली तर देईल, रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यात एकटीच गेलेल्या बाईच्या घरच्यांना देणार नाही.

डिक्री म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा. त्यात लिहिलेलं असतं की चूक झाली, कुणाच्या जबाबदारीवर झाली, आणि म्हणून एवढी रक्कम द्यायची आहे. इथे कृपेला जागा नसते.

आपल्या चळवळीने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत दवाखान्यातल्या मृत्यूंवर काय केलं हे जरा प्रामाणिकपणे आठवा. निवेदन दिलं, कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरलं, प्रेत ताब्यात घ्यायला नकार दिला, चौकशी समिती नेमल्याचं पत्र हातात पडल्यावर उठलो. यातलं काहीच चुकीचं नव्हतं. पण समितीच्या अहवालाने कुणाच्या विधवेच्या खात्यात हक्काचे पैसे आलेत असं बीड जिल्ह्यातल्या वस्त्यांवर काम करताना मला तरी दिसलेलं नाही. दिवाणी दावा हा शब्द आपल्या मोर्चाच्या बॅनरवर कधी येत नाही. तो का यायला हवा, आणि तो लढायची वाट कुणी आखून ठेवली आहे, हे सांगायला थोडा इतिहास लागेल.

सुरुवात १९२९ पासून करते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या टिपणांत स्वतःच्या अनुभवांबरोबर दुसऱ्याचा एक अनुभव जपून ठेवला आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकात छापून आलं होतं. बायको बाळंत झाली, दोन दिवसांत आजारी पडली, श्वास घेता येईना. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांनी शब्द टाकला, दोन रुपये फी ठरली, आणि तीही या अटीवर की बाईला वस्तीबाहेर आणायचं. आणली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला लावलं, आणि त्याच रांगेने ते परत गेलं. दिव्याच्या उजेडात आकडा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला, औषध पाठवलं, आणि पुन्हा यायला नकार दिला. बाई गेली.

दोन रुपये घेतले होते. फी दिली होती, रुग्ण तपासलाच नव्हता. आजच्या भाषेत ही सेवेतली त्रुटी. पण त्या शिक्षकाला जायला कोर्ट नव्हतं, म्हणून त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. (त्याच १९२९ साली खुद्द बाबासाहेब चाळीसगावला टांग्यातून फेकले गेले, पाय मोडला, कारण सवर्ण टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला होता आणि आपल्या माणसाला टांगा हाकायची सवय नव्हती. अपघात आणि अस्पृश्यता या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या काढताच येत नव्हत्या.)

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने या पत्राचं एका बाजूने उत्तर दिलं. त्याचं कलम ५ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणं, आणि प्रवेश दिल्यावर आत भेदभाव करणं, दोन्ही गुन्हे ठरले. पुढे याच कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. दार उघडलं. पण दाराच्या आत गेल्यावर चूक झाली तर? डॉक्टर आलाच नाही, चुकीचं इंजेक्शन दिलं, हात लावायच्या आधीच 'रेफर' लिहून गाडीत घातलं, तर? त्यावर तो कायदा बोलत नाही. तिथून पुढचा रस्ता वेगवेगळ्या घरांनी, आपलं माणूस गमावल्यावर, एकेका खटल्याने केला.

त्यातला पहिला मोठा खटला कोकण-पुण्याचा. ६ मे १९५३ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. गावात प्रथमोपचार झाले, लाकडी पट्ट्या बांधल्या, आणि सुमारे दोनशे मैल मोटारीने त्याला पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात आणलं. ९ मे रोजी दाखल केलं, पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं, प्लास्टर घातलं, आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील कोर्टात गेले. ३ हजार रुपयांची भरपाई मंजूर झाली, मुंबई उच्च न्यायालयात टिकली, आणि २ मे १९६८ ला सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. डॉक्टरने रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करायचा हे ठरवताना, आणि तो प्रत्यक्ष करताना, या तिन्ही वेळी त्याच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे या निकालाने सांगितलं. आजही देशभरातले वकील तो दाखवतात. पंधरा वर्षं आणि ३ हजार रुपये. एवढं सांगून पुढे जाते, कारण तिथे डॉक्टर खाजगी होता आणि आपला प्रश्न सरकारी दवाखान्याचा आहे.

सरकारी दवाखान्याचा निकाल आपल्या मराठवाड्याने दिला आहे, आणि आपल्यापैकी किती जणांना तो ठाऊक आहे? 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. खोडवा हे नाव ऊसपट्ट्यातल्या माणसाला लगेच लक्षात राहील, म्हणून पूर्ण लिहिलं.

१० जुलै १९६३ ला एक बाई औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी दाखल झाली. रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. बाळंतपणानंतर १३ जुलैला कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. साधी शस्त्रक्रिया. पण लगेच ताप चढला, पोटात असह्य दुखू लागलं. नवरा डॉक्टरांच्या मागे फिरत राहिला की बघा, काहीतरी चुकलंय. १९ जुलैला दुसऱ्या सर्जनने पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत मॉप सापडला, म्हणजे रक्त टिपायचं फडकं. पू झाला होता. २४ जुलैला बाई गेली. तेरा तारखेपासून एकोणीस तारखेपर्यंतचे सहा दिवस डोळ्यांसमोर आणा. तातडीचा रुग्ण म्हणजे अपघात विभागाच्या दारात स्ट्रेचरवर आलेला माणूस एवढंच आपण समजतो. वॉर्डातल्या खाटेवर तापाने फणफणलेली बाई आणि 'होईल कमी' म्हणून निघून जाणारा पांढरा कोट, हीसुद्धा तातडीच असते.

नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपयांची डिक्री दिली. राज्य सरकार अपिलात गेलं, आणि उच्च न्यायालयाने डिक्री रद्द केली. एक तर हयगय सिद्ध झाली नाही असं म्हटलं, आणि वर असंही, की सरकार चालवत असलेल्या रुग्णालयातल्या चुकीबद्दल सरकारला जबाबदार धरता येत नाही. ही कल्पना जुनी आहे. राजा चूक करू शकत नाही, राजावर दावा कसला, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून चालत आलेलं तर्कट. प्रजासत्ताक आल्यावरही ते 'सार्वभौम कार्य' अशा भारदस्त नावाने जिवंत राहिलं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही राज्यसंस्थेच्या व्याख्या पाठ करायचो. माझ्या मते त्या सगळ्यांपेक्षा हा एक खटला जास्त शिकवतो. बाळंतिणीच्या पोटातलं फडकं हे सार्वभौम कार्य!

२० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने हे तर्कट फेटाळलं आणि ३६ हजारांची डिक्री पुन्हा उभी केली. त्यातली एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. कोणत्या डॉक्टरने, कोणत्या नर्सने फडकं आत सोडलं हे रुग्णाच्या नातेवाइकांनी निर्विवाद सिद्ध करण्याची गरज नाही. सरकारच्या रुग्णालयात हयगयीने मृत्यू झाला हे दिसलं की राज्य भरपाई द्यायला बांधील आहे. जुलै १९६३ ते फेब्रुवारी १९९६. साडेबत्तीस वर्षं. ३६ हजारांचं मोल तोवर किती उरलं असेल ते आपण समजू शकतो. पण त्या माणसाने रक्कम गमावली असली तरी राज्याला 'तू जबाबदार आहेस' हे ऐकायला लावलं.

आता हा निकाल ज्या काळात आला ते बघा. १४ जानेवारी १९९४ ही नामविस्ताराची तारीख आपल्याला झोपेतही सांगता येते. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत दिल्लीत जे घडलं त्याकडे मात्र आपलं लक्ष नव्हतं. ९ नोव्हेंबर १९९५ ला विधी सेवा प्राधिकरण कायदा अमलात आला. त्यानंतर चार दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आली. फेब्रुवारी १९९६ मध्ये खोडवा निकाल. ६ मे १९९६ ला बंगालच्या शेतमजुरांचा निकाल. सहा महिन्यांत चार गोष्टी. यातल्या एकीने आपल्यासाठी दार बंद केलं आणि तिघींनी उघडलं. बंद दारासमोरच आपण आजही उभे आहोत, कारण जाहिरात त्याच दाराची झाली.

बंद दार कोणतं ते सांगते. ग्राहक आयोगात खर्च कमी, वेळ तुलनेने कमी, वकील नसला तरी चालतं. म्हणून 'डॉक्टरने चूक केली तर ग्राहक मंचात जा' हे सगळे सांगतात. पण १३ नोव्हेंबर १९९५ च्या त्या निकालात एक रेघ मारली आहे. जिथे पैसे घेऊन उपचार होतात तिथला रुग्ण ग्राहक. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर फुकट उपचार करतात, तिथला फुकट उपचार घेणाराही ग्राहक. पण जिथे सगळ्यांवर फुकट उपचार होतात, तिथला कुणीच ग्राहक नाही. आणि नोंदणीची किरकोळ रक्कम भरली म्हणून कुणी ग्राहक होत नाही. म्हणजे केसपेपरचे पाच-दहा रुपये मोजले जात नाहीत. आपण कर भरतो, अगदी विडीवरसुद्धा, त्या करावर दवाखाना चालतो, तोही मोजला जात नाही.

रेघ पैशाची आहे, जातीची नाही, असं कुणी म्हणेल. बीड जिल्हा रुग्णालयाच्या किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाच्या अपघात विभागात एक रात्र बसा आणि बाकांवर कोण आहे ते बघा. भूमिहीन, ऊसतोड कामगार, आपल्या वस्त्यांमधली आणि तांड्यांवरची माणसं. ज्याच्याकडे जमीन आहे तो ती गहाण टाकून का होईना खाजगीत जातो आणि ग्राहक होतो. १९२९ ला दोन रुपये देऊनही डॉक्टरने बाईला हात लावला नाही. १९९५ नंतर हात लावतात, पण दोन रुपयांच्या केसपेपरला कायदा हात लावत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याचबरोबर या रुग्णालयांतला रुग्ण ग्राहक नसण्यावर शिक्काही बसला, याची चर्चा कुठे झाली नाही.

महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत खाजगी दवाखान्यात गेलेल्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे रुग्णाच्या खिशातून नाही, पण योजनेतून दवाखान्याला पैसे मिळतात. विमा कंपनीने पैसे भरले तर तो रुग्ण ग्राहकच, हे त्याच १९९५ च्या निकालात आहे. तेव्हा 'योजनेत फुकट झालं होतं, तक्रार कसली करता' असं दवाखान्याने म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आता उघडलेली दारं. खोडवा निकालाचं सांगितलं, ते दिवाणी दाव्याचं. बंगालच्या शेतमजुरांचं थोडक्यात सांगते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती या संघटनेचा एक सभासद ८ जुलै १९९२ ला रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. कोलकात्यातली सरकारी रुग्णालयं एकामागून एक फिरला, खाट नाही, यंत्र नाही. शेवटी खाजगीत जाऊन १७ हजार रुपये भरावे लागले. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने म्हटलं की तातडीचा उपचार न मिळणं हा कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. २५ हजार भरपाई दिली. त्याआधी २८ ऑगस्ट १९८९ च्या परमानंद कटारा निकालात सांगून झालं होतं की पोलीस केस असली तरी आधी जीव वाचवा, कागद नंतर, आणि हे खाजगी डॉक्टरलाही लागू आहे. मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की तिथे शेतमजुरांची संघटना पक्षकार होती. एकटा माणूस नाही. बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या किती संघटना आहेत ते मोजा, आणि दर टनाच्या भावाशिवाय त्यांनी कोर्टात काय नेलं तेही मोजा.

२०१९ च्या जूनमध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. तो तातडीचा उपचार नव्हता, तातडी असल्याची भीती घातलेला उपचार होता. समिती बसली, पाहणी झाली, शिफारशी आल्या. त्या सगळ्या गदारोळात 'या बायकांचे दावे कोण लावणार' हा प्रश्न फार कुणी विचारलेला मला आठवत नाही. त्या बायका तर खाजगी दवाखान्यात पैसे मोजून गेल्या होत्या, रोख ग्राहक होत्या.

तिसरं दार विधी सेवेचं. मोफत कायदेशीर मदत मूळ संविधानात नव्हती. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने कलम ३९ अ आलं, कायदा १९८७ चा, आणि अंमल १९९५ ला. वकिलांच्या चेंबरमध्ये 'गरिबांसाठी असतं ते' असं मोघम सांगतात. कलम १२ नीट वाचा. उत्पन्नाची अट सर्वांना नाही. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील आणि कोर्ट खर्च मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणजे दाखला असलेला बौद्ध यात येतो. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे एवढं प्राधिकरणाला पटावं लागतं. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, १५१०० हा देशभराचा फोन क्रमांक आहे. तिथे पोटगीची आणि जामिनाची प्रकरणं येतात. दवाखान्याच्या हयगयीचं प्रकरण घेऊन गेलात तर समोरचा माणूस आधी चकित होईल. होऊ द्या. कायदा त्याने केलेला नाही.

याच कायद्यात २००२ मध्ये कायम लोकअदालतीची तरतूद आली. सार्वजनिक उपयोगी सेवांच्या यादीत रुग्णालय आणि दवाखान्याची सेवा स्पष्ट लिहिली आहे. तिथे तुम्ही ग्राहक आहात का, पैसे दिले का, असा प्रश्न त्या व्याख्येत नाही. कोर्ट फी नाही. तडजोड झाली नाही तर ती अदालत निर्णयही देऊ शकते, रकमेच्या मर्यादेत आणि प्रकरण फौजदारी गुन्ह्याचं नसेल तर. आपल्या भागासाठी ती कुठे बसते हे प्राधिकरणात विचारा.

आता मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न. 'ताई, गुन्हाच दाखल करू की डॉक्टरवर, दावा कशाला?' राग समजतो. पण ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी हयगय म्हणजे अगदी ढोबळ, टोकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं, मत घ्यावं लागतं. सरकारी दवाखान्याच्या चुकीवर सरकारी डॉक्टरचं मत. काय येईल ते सांगायला नको. जुनं ३०४ अ, आता भारतीय न्याय संहितेचं १०६, त्यात नोंदणीकृत डॉक्टरला कमाल दोन वर्षं शिक्षा आहे. आणि डॉक्टर दोषी ठरला तरी विधवेला त्यातून फारसं काही मिळत नाही. दिवाणी दाव्यात पुराव्याची पट्टी खालची असते.

काचा फोडण्याबद्दलही बोललं पाहिजे. २०१० चा वैद्यकीय सेवा संस्थांवरील हिंसाचाराचा कायदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली सांगतो. रात्री दगड मारला जातो, सकाळी वस्तीतल्या चार पोरांवर गुन्हा, आणि मेलेल्या माणसाचा केसपेपर कुणी मागतच नाही. प्रस्थापितांना याहून सोयीचं काय असेल?

शिवाय डॉक्टर कोण आहे तेही बघा. रात्रीच्या ड्युटीवर उभा असलेला निवासी डॉक्टर, कंत्राटी वैद्यकीय अधिकारी, नर्स, यात आता आपली मुलं-मुली आहेत, आरक्षणाने आणि कष्टाने तिथे पोचलेली. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यात १२ नवजात बाळं. त्यानंतर काय झालं? हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. अधिष्ठाते आदिवासी समाजातले. पुढे अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला गेला. औषधखरेदी, रिक्त जागा, खाटा, हे सगळं ज्यांच्या सहीने ठरतं ते बाजूला, आणि झाडू कुणाच्या हातात? खोडवा निकाल वेगळं सांगतो. माणूस शोधत बसू नका, राज्याला प्रतिवादी करा. राज्यावर दावा लावल्याने मेलेल्याचं घरही उभं राहतं आणि कंत्राटावर राबणारी आपली डॉक्टर मुलगी बळीचा बकराही होत नाही. मला हा मार्ग आंबेडकरी वाटतो, कारण इथे सूड एका माणसावर नाही, जबाबदारी व्यवस्थेवर आहे.

अडचणी खऱ्या आहेत, लपवत नाही. तज्ज्ञ साक्षीदार मिळत नाही. आपल्या गावातला डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध बोलत नाही. तालुक्याच्या वकिलाला मेडिकल कागद वाचता येत नाहीत. म्हणून आपल्या नर्सिंग, फार्मसी, एमबीबीएस झालेल्या मुलांनी आणि एलएलबी झालेल्या मुलांनी एका टेबलावर बसावं, जयंतीच्या वर्गणीतून त्यासाठी थोडं बाजूला काढावं. कागद मिळवणं हे पहिलं काम. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला त्याची कागदपत्रं देणं डॉक्टरवर २००२ च्या आचारसंहितेने बंधनकारक आहे. सरकारी दवाखान्यात माहिती अधिकारही चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना त्याची फी नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मृत्यू असेल तर पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम नाकारू नका. 'कशाला फाडायचं' म्हणणारे नातेवाईक दुःखात असतात, पण त्या अहवालाशिवाय वकिलाच्या हातात काही उरत नाही. 'रेफर'ची चिठ्ठी, १०८ गाडीची वेळ, कोणत्या दवाखान्यातून किती वाजता निघालो, हे त्याच दिवशी मोबाइलवर टिपून ठेवा.

मुदतही सांगते. मृत्यूच्या भरपाईचा दावा १८५५ च्या, इंग्रजांच्या काळातल्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली लावतात. बायको, नवरा, आईवडील, मुलं यांच्यासाठी. मृत्यूपासून दोन वर्षं. ग्राहक आयोगातही दोन वर्षं. सरकारवर दावा असेल तर आधी कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. चौकशी समितीच्या अहवालाची वाट बघण्यात ही दोन वर्षं जातात, असंच बहुतेक वेळा होतं.

ऊसतोडीच्या माणसाचं एक वेगळंच. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोद्यातून गाड्या निघतात, ट्रॉली उलटते ती सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात, आणि उपचार तिथल्या खाजगी दवाखान्यात. पूर्वी वाटायचं तिकडे जाऊन केस कोण लढणार. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कोल्हापूरच्या दवाखान्याविरुद्ध बीडच्या आयोगात. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फीसुद्धा नाही.

राहिला रकमेचा प्रश्न. कोलकात्याच्या डॉ. कुणाल साहा यांच्या प्रकरणात २४ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६ कोटी रुपये दिले. त्यातला बहुतेक भाग त्यांच्या मृत पत्नीच्या अमेरिकेतल्या संभाव्य कमाईचा. त्यांना मिळाले याचं वाईट वाटायचं कारण नाही, ते पंधरा वर्षं लढले. पण भरपाई कमाईवर मोजतात, आणि कोयत्यावर राबणाऱ्या बाईच्या कमाईचा कागद कुठेच नसतो. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा नवऱ्याचा, हिशोब जोडीचा, अर्धा कोयता म्हणून तिचं नावसुद्धा नाही. कोर्टात तिची मजुरी शून्य धरायची की निम्मी, हे भांडण वकिलाला मुकादमाच्या वहीवरून भांडावं लागेल. म्हणून यंदा गाडी भरायच्या आधी त्या वहीच्या पानाचा फोटो काढा, आणि पानावर दोघांची नावं लिहायला लावा.